निवडक नको, सालवार हवीत

फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळ ‘विकटन’चं संकेतस्थळ एका व्यंगचित्रामुळे बंद करण्यात आलं. अमेरिकेनं भारतीयांना बेड्या घालून परत पाठवलं, त्या बातमीवरचं ते चित्र होतं. ट्रम्प यांच्या शेजारी पंतप्रधान बसलेले आणि तेही बेड्यांत. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयानं संकेतस्थळ खुलं करायला सांगितलं, पण तूर्त ते चित्र उतरवण्याच्या अटीवर. मधल्या काळात दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं ते आपल्याला आता पाठ आहे. एक म्हणतो, पदाची अप्रतिष्ठा झाली. दुसरा म्हणतो, लोकशाहीत हसणं सहन करायला शिका, नेहरूंनी नव्हतं का व्यंगचित्रकार शंकरना सांगितलं की मलाही सोडू नका? मग नेहरूंचे गोडवे, मग आणीबाणीची आठवण, आणि पुढच्या चित्रावरून पुढचा वाद पेटेपर्यंत सगळं शांत. या वादात माझी सहानुभूती कुणाकडे आहे हे लपवण्यासारखं नाही. चित्रासाठी संकेतस्थळ बंद करणं मला मुळीच पटत नाही. पण चित्रकाराची बाजू घेणारेसुद्धा वाद वाईट घालतात, असं माझं मत आहे. कारण एका सुट्या चित्रावर निवाडा करता येतो, हे गृहीतक दोन्ही बाजूंना मान्य असतं. मला ते मान्य नाही. बातमीवरचं व्यंगचित्र वाचायचं तर त्याच्या वर्षात ठेवून वाचावं लागतं. आधी काय काढलं, नंतर काय काढलं, कोणाला झोडपलं, कोणाला मोकळं सोडलं, हे शेजारी असल्याशिवाय ते चित्र धाडसी होतं, की द्वेषाचं, की नुसतं आळशी, हे कळत नाही. म्हणून वर्षाची चित्रं तारीखवार, टिपांसह एकत्र बांधणारी संकलनं हवीत आणि ती दरवर्षी हवीत. मराठीत ही रीत रुजलेली नाही. आपल्याकडे ‘निवडक’ची रीत आहे, आणि नेमकी तीच या कामाला निरुपयोगी आहे.

२०१२ सालचा वाद आठवा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं ऑगस्ट १९४९ चं एक चित्र होतं. राज्यघटना नावाच्या गोगलगाईवर आंबेडकर चाबूक घेऊन बसलेले, मागे नेहरू चाबूक उगारून उभे, भोवती बघ्यांची गर्दी. पुस्तक २००६ पासून वर्गात होतं. संसदेत गदारोळ झाला तो मे २०१२ मध्ये. सरकारनं चित्र काढून टाकण्याची घोषणा केली. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं एकूणच पुस्तकांतली बरीच व्यंगचित्रं काढायला सांगितली, समितीतले एम. एस. एस. पांडियन यांनी त्यावर आपलं वेगळं मत नोंदवलं. मोडतोडीचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्या वेळी उदारमतवादी म्हणवणारे आपण सगळे काय म्हणत होतो? चित्र निरुपद्रवी आहे, घटनेच्या संथ गतीवर आहे, नेहरूंचा चाबूक गोगलगाईसाठी आहे. पुस्तकातली टीपही तेवढंच विचारत होती: घटनेला जवळजवळ तीन वर्षं लागली, व्यंगचित्रकार त्यावर बोलतोय का? चाबूक कोणाच्या हातात आहे, कोणाच्या पाठीमागे आहे आणि ही गर्दी कोणाला हसते आहे, हा प्रश्न टिपेत नव्हता. दलित कार्यकर्ते नेमका तोच विचारत होते. त्यांना उत्तर मिळालं की तुम्हाला विनोदबुद्धी नाही.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर सात वर्षांनी मिळालं, आणि तेही एका संकलनानं दिलं. उन्नमती श्याम सुंदर या संशोधक-व्यंगचित्रकारानं १९३२ ते १९५६ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत आलेली आंबेडकरांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रं शोधून एका पुस्तकात लावली. ‘नवयान’ प्रकाशनानं ते २०१९ मध्ये छापलं. एकेक चित्र सुटं पाहिलं तर प्रत्येकाची वकिली करता येते. तो दिवस तसा होता, तो प्रसंग तसा होता. एकापाठोपाठ पाहू लागलं की वकिली करणाऱ्याचा आवाज बसतो. छायाचित्रांत भरभक्कम दिसणारा हा माणूस चित्रांत पुन्हा पुन्हा खुजा, पुन्हा पुन्हा हास्यास्पद होतो. हात वेगवेगळ्या चित्रकारांचे, वर्तमानपत्रं वेगवेगळी, आणि नजर एकच. आता तेच गोगलगाईचं चित्र नेहरूंवरच्या चित्रांच्या संग्रहात ठेवून पाहा. शंकर यांच्या नेहरूचित्रांचा तसा मोठा संग्रह १९८३ मध्ये चिल्ड्रन्स बुक ट्रस्टनं काढलाच होता. तशा संगतीत हे चित्र म्हणजे मित्रानं मित्राची केलेली थट्टा. आंबेडकरचित्रांच्या संगतीत ते एका लांबलचक रांगेतलं एक. चित्र बदललेलं नाही. शेजार बदलला. मग २०१२ मध्ये एकाच चित्रावरून कोण बरोबर, कोण चूक हे संसदेत, दूरचित्रवाणीवर आणि चहाच्या टपरीवर ठरवायला निघालेले आपण नेमकं काय करत होतो?

इथे कुणी म्हणेल, विषयवार संग्रहानंही काम भागलं की, सालवार कशाला? फरक आहे. विषय निवडणाऱ्याच्या मनात एक म्हणणं आधीच असतं. श्याम सुंदर यांचं होतं, आणि ते त्यांनी उघडपणे मांडलं, म्हणून त्यांचं पुस्तक प्रामाणिक आहे. पण जे म्हणणं कुणाच्या मनात अजून आलेलंच नाही, त्याचा पुरावा जपायचा कसा? तो कॅलेंडरच जपू शकतं.

अमेरिकेतला टॉमस नास्ट हा राजकीय व्यंगचित्राचा देव मानला जातो. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेचा सर्वेसर्वा ट्वीड यानं शहराची तिजोरी कशी लुटली हे त्यानं ‘हार्पर्स वीकली’त इतक्या चिकाटीनं काढलं की १८७१ च्या निवडणुकीत त्या टोळीची धूळधाण झाली. लोकांचा पैसा कुणी चोरला असं विचारताच वर्तुळात उभा असलेला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो, ते चित्र १९ ऑगस्टचं. ते आपल्याकडच्या कुठल्याही चौकशी समितीच्या अहवालाला मुखपृष्ठ म्हणून लावावं, अजून ताजं आहे. पुढे ट्वीड पळून स्पेनमध्ये गेला, तेव्हा नास्टच्याच चित्रावरून तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला ओळखलं असं सांगतात. नास्टच्या प्रत्येक ‘निवडक’मध्ये हे सगळं असतं. आता त्याच वर्षाच्या ३० सप्टेंबरचा अंक उघडा. ‘अमेरिकन गंगा नदी’ असं शीर्षक. पाण्यातून मगरी किनाऱ्यावर येताहेत, शाळकरी मुलं भेदरून उभी आहेत, आणि नीट पाहिलं की कळतं, मगरींचे जबडे म्हणजे कॅथलिक बिशपांचे मुकुट आहेत. सरकारी शाळांचा पैसा कॅथलिक शाळांना जाईल, या भीतीचं ते चित्र. बहुतांशी कॅथलिक असलेल्या आयरिश स्थलांतरितांबद्दलची त्याची घृणा त्याच्या इतर चित्रांतही लपत नाही. त्यांना तो माकडासारखे चेहरे देतो. हिंदू आया आपली मुलं गंगेत मगरींपुढे टाकतात, ही मिशनऱ्यांनी तिकडे पसरवलेली कहाणी वाचकाला ठाऊक आहे हे धरूनच ते शीर्षक दिलेलं. म्हणजे जाता जाता एक टोला आपल्यालाही. दोन चित्रांत सहा आठवड्यांचं अंतर. भ्रष्टाचाराविरुद्ध उभा राहिलेला नास्ट आणि धर्मद्वेष्टा नास्ट हे दोन वेगळे माणूस नव्हते, इतकंच नव्हे तर ट्वीडला मत देणारे आयरिश होते म्हणून त्याचे दोन्ही राग एकमेकांना खतपाणी घालत होते. ‘निवडक नास्ट’मधून हे कधीच कळणार नाही. ‘१८७१ चा नास्ट’ते लपवू शकत नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप व्यंगचित्रकारच घेतात, आणि त्यांच्याशी सहमत न होणं अवघड जातं. ते म्हणतात, वर्तमानपत्रातलं रोजचं छोटं पॉकेट कार्टून म्हणजे कढईतून काढलेली भजी. वर्षभरानं ताटात वाढलीत तर कोण खाणार? खरं आहे. गेल्या मार्चमधलं कुठलंही चित्र घ्या. कोणत्या मंत्र्याच्या कोणत्या वाक्यावर ते होतं हे आठवत नाही, आणि खाली टीप देऊन समजावलं की हसू येत नाही. पण या आक्षेपात असं धरलेलं आहे की ज्या सकाळी चित्र छापलं त्या सकाळी त्याचा अर्थ सगळ्यांना लख्ख कळला होता. तसं नसतं. मार्च १९४२ मध्ये लंडनच्या ‘डेली मिरर’मध्ये फिलिप झेक यांचं एक चित्र आलं. बोट बुडालेली, तेलानं काळवंडलेल्या समुद्रात एक खलाशी तराफ्याला चिकटून पडलेला, आणि खाली एवढंच की पेट्रोलचा भाव एका पेनीनं वाढला आहे. झेक यांना सांगायचं होतं की पेट्रोल जपून वापरा, ते माणसांच्या जिवावर येतं. चर्चिल सरकारनं वाचलं ते असं: तेल कंपन्यांच्या नफ्यासाठी खलाशी मरताहेत. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी वर्तमानपत्र बंद करण्याची तंबी दिली, प्रकरण संसदेत गेलं. चित्र ताजंच होतं आणि वाचणारे कुणी अडाणी नव्हते, तरी एका ओळीचे दोन अर्थ निघाले. मग शिळं झालेलं चित्र तेवढं टिपेवाचून कळत नाही आणि ताजं आपोआप कळतं, असं कसं म्हणायचं? उलट वर्षभरानंतर, रक्त थंड झाल्यावर, त्या आठवड्याची बातमी आणि आधीनंतरची चार चित्रं शेजारी ठेवून झेक यांच्या मनात काय होतं ते अधिक नीट दिसतं. हसू कमी येईल, हे कबूल. पण संकलन हसण्यासाठी विकत घ्यायचं असतं असं कुणी ठरवलं?

शिवाय जे शिळं होत नाही तेवढंच जपायचं ठरवलं तर काय होतं, याचा दाखला आपल्यासमोर आहे. आर. के. लक्ष्मण. त्यांच्या ‘कॉमन मॅन’चा पुतळा पुण्यात आहे, मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारी आहे, आणि त्यांच्या संग्रहांत खड्डे आहेत, रेशनची रांग आहे, पाऊस न पडणं आहे, पुढाऱ्याची फुकट आश्वासनं आहेत. ती चित्रं कधीच जुनी होत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा छापली जातात. परिणाम असा झाला की पन्नासहून अधिक वर्षं रोजच्या राजकारणावर रेघ ओढणारा एक कडवट, बारीक नजरेचा माणूस आपण प्रेमळ काका करून टाकला. ज्या चित्रांत नावं होती, तारखा होत्या, एखाद्या मुख्यमंत्र्याच्या नाकाची विशिष्ट ठेवण होती, ती चित्रं ‘आता कोणाला कळणार?’ म्हणून गळत गेली. ‘कालातीत’ हे विशेषण राजकीय व्यंगचित्रकाराला लावणं ही मला स्तुती वाटतच नाही. काळात रुतून बसणं हेच त्याचं काम होतं.

दुसरा आक्षेप: निवडणार कोण? वर्तमानपत्राचा मालकच ना? तो गैरसोयीची चित्रं गाळेल आणि उरलेल्यांना ‘वर्षातली सर्वोत्तम’ म्हणून रेशमी जाकीट घालेल. हा धोका खरा आहे. परदेशातल्या वार्षिकांकडे पाहिलं तरी बऱ्याच ठिकाणी नावातच ‘बेस्ट’ असतं, आणि ‘बेस्ट’ म्हटलं की निवड आली. तरी त्यांतून घेण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये टिम बेन्सन यांनी संपादित केलेल्या वार्षिकांत प्रत्येक चित्राखाली वर्तमानपत्र, तारीख आणि त्या दिवशी नेमकं काय घडलं याच्या चार ओळी असतात. ऑस्ट्रेलियात वर्षभराच्या राजकीय व्यंगचित्रांचं प्रदर्शन कॅनबेराच्या जुन्या संसद भवनात भरतं. ज्यांच्यावर चित्रं काढली त्यांच्या पूर्वसुरींच्या घरात. पण यासाठी इतकं लांब जायचं कारण नाही. मुंबईचा ‘हिंदी पंच’ आठवा. १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ म्हणून सुरू झालेलं हे पत्र पुढे बरजोरजी नवरोजी यांनी चालवलं. इंग्रजी आणि गुजराती मथळ्यांची चित्रं, आणि त्यांत मिस्कील ‘पंचोबा’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते वर्षभराच्या चित्रांची वेगळी पुस्तकं काढत असत. कर्झन आणि काँग्रेस यांच्याकडे तेव्हाचा मुंबईकर कसा पाहत होता हे आज त्या बांधलेल्या पुस्तकांतून दिसतं. ‘हिंदी पंच’ निःपक्षपाती होता का? अजिबात नाही. तो फिरोजशहा मेहतांच्या मवाळ काँग्रेसचा होता आणि टिळकांच्या जहालांवर त्याची नजर वाकडी होती. पण हे आपण इतक्या खात्रीनं म्हणू शकतो ते कशामुळे? त्याची वर्षंच्या वर्षं समोर आहेत म्हणूनच.

मालकाच्या कात्रीवर उपाय व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी दाखवून ठेवला आहे. न्हाणीच्या टबात बसून दाराच्या फटीतून अध्यादेशावर सही करून देणाऱ्या राष्ट्रपतींचं त्यांचं चित्र डिसेंबर १९७५ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये छापून आलं, हे सगळे सांगतात. आणीबाणी उठल्यावर १९७७ मध्ये त्यांनी जे पुस्तक काढलं त्यात सेन्सॉरनं अडवलेली चित्रंही होती, हे कमी जण सांगतात. ते चित्र सुटलं आणि ही अडली, हे शेजारी शेजारी पाहिल्यावर सेन्सॉरच्या डोक्यात काय चाललं होतं ते कळतं. वार्षिकात असा एक विभाग असावा: संपादकानं परत पाठवलेली चित्रं, तारखेसह. कुठलाही मालक तो आनंदानं छापणार नाही. मग चित्रकारानं स्वतः छापावा.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. सगळी चित्रं एकत्र बांधून देणं म्हणजे तक्रार करणाऱ्याच्या हातात आयता पुरावा देणं नव्हे का? व्यंगचित्रकार असीम त्रिवेदींना सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती. मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०१५ च्या निकालात ते कलम इथे लागू होत नाही असं म्हटलं. त्या चित्रांत राग आणि किळस आहे, विनोद किंवा उपरोध नाही, असंही जाता जाता सांगितलं आणि तरीही स्वातंत्र्य नाकारता येत नाही, हे बजावलं. समीक्षक म्हणून न्यायालय मला तिथे बरं वाटलं, कारण आवडलं नाही आणि चालू द्या, ही दोन वाक्यं एकत्र म्हणणारी माणसं आपल्याकडे थोडी. पण भीतीचा मुद्दा उरतोच. त्याला माझं उत्तर असं की आज चित्रं गोळा करून कुणी अडकवत नाही; एकच चित्र कापून, तारीख आणि नाव उडवून, फोनवरून फिरवून अडकवतात. त्या फिरणाऱ्या तुकड्याविरुद्ध चित्रकाराच्या हातात काय असतं? मी दुसऱ्या पक्षालाही असाच फोडला होता, हे दाखवायला त्याच्यापाशी त्याचं वर्षच असतं. आणि समजा वर्ष उलटं बोललं? वर्षभर एकाच बाजूला हाणलं आणि दुसरीला हातही लावला नाही, असं निघालं? तर तेही वाचकाला कळायला हवं. त्यासाठी तुरुंग नको, पण आरसा असायला काय हरकत आहे?

महाराष्ट्रात हा आरसा कुठे लावायचा, याबद्दल मला शंका नाही. १३ ऑगस्ट १९६० ला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते ‘मार्मिक’ सुरू झालं. जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. मधल्या सहा वर्षांत व्यंगचित्रांच्या एका साप्ताहिकाची चळवळ झाली आणि चळवळीचा पक्ष. बाळासाहेब ठाकऱ्यांच्या रेषेबद्दल वाद घालणारा मला अजून भेटायचा आहे. ब्रिटनमधले व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांच्या वळणाचा तो ब्रश, ते हावभाव, ती काळ्या रंगाची जाण. चाहते ती सुटी चित्रं काढून दाखवतात आणि टीकाकार ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापलेल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या याद्या काढून दाखवतात. दोघंही निवडक दाखवतात. पण वाचक त्या याद्या आणि ती चित्रं एकाच अंकात, आठवड्यामागून आठवडा, पाहत होता. कोणत्या वर्षी हसणं थांबलं आणि बोट दाखवणं सुरू झालं? दाक्षिणात्य कारकून विनोदाचं पात्र होता तो केव्हापासून शत्रू झाला? १९६१, ६२, ६३ अशी सहा पुस्तकं टिपांसह समोर असती, तर या प्रश्नांची उत्तरं ठाकरेभक्त आणि ठाकरेविरोधक यांनी एकमेकांवर ओरडून द्यावी लागली नसती.

‘सगळं नेटवर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एकच: ‘विकटन’चं ते चित्र एका अटीनं उतरवता आलं. बांधलेल्या पुस्तकावरही बंदी येते, पण घराघरातल्या कपाटांतून पान फाडायला कोण जाणार?

राहता राहिला पैसा. मराठी वाचक वार्षिक वस्तू विकत घेतो, हे ‘मनोरंजन’च्या १९०९ च्या दिवाळी अंकापासून सिद्ध आहे. दिवाळी अंकांत व्यंगचित्रंही खंडीभर असतात, पण बहुतेक नवराबायको, डॉक्टर-पेशंट आणि बेटावर अडकलेला माणूस यांच्याबद्दल. वर्षभराच्या बातम्या तिथे फार तर चार पानांत डोकावतात. एखाद्या अंकानं दोन फर्मे यासाठी द्यावेत, गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंतची चित्रं, पाच-सहा वर्तमानपत्रांतली, जिल्ह्यांच्या पत्रांतलीसुद्धा, तारखेनं लावलेली. टीप लिहायला इतिहासाचा एखादा विद्यार्थी पुरे. कॉपीराइटची कटकट होईल, मानधनावरून रुसवेफुगवे होतील. सगळ्यात जास्त कुरकुर मात्र राजकारण्यांची नसेल, चित्रकारांचीच असेल, आणि त्याचं कारण मला माहीत आहे. रोजच्या घाईत बुडती बोट, तुटकी खुर्ची, दोरीवरची कसरत आणि सर्कशीतला सिंह ही चारच सामानं किती जणांनी कितीदा वापरली, हे बारा महिने एकत्र बांधल्यावर पहिल्या पन्नास पानांतच मोजता येईल.